तारापूरच्या चिमणीचे आकडे गावात दर मिनिटाला दिसावेत का?

खाडीकाठ
तारापूर अणुवीज केंद्राच्या चिमणीतून जाणारी हवा चोवीस तास तपासली जाते. तिचा थोडा भाग पंपाने ओढून आधी धूलिकणांचा फिल्टर, मग आयोडीन पकडणारं कोळशाचं कार्ट्रिज (बदलता येणारी डबी) आणि शेवटी झेनॉन-क्रिप्टॉनसारख्या किरणोत्सर्गी वायूंचा डिटेक्टर, असा फिरवतात. वायूंचा आकडा कंट्रोल रूममध्ये त्याच क्षणी दिसतो. मग तोच घिवली-चिंचणीच्या ग्रामपंचायतीत का दिसू नये? जपानमध्ये वीजकंपन्या चिमणीच्या मॉनिटरचे चालू आकडे जाहीर करतात. जर्मनीत राज्य सरकारची यंत्रणा ते केंद्राकडून परस्पर घेते. आपल्याकडे ते होईपर्यंत गावागावांत किरणोत्सर्ग मोजणारे गायगर मीटर बसवावेत, असं माझं मत.

बीटागॅमा
पहिल्या मागणीवर बोलता येईल, दुसरी मात्र पैसे वाया घालवणारी आहे. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाण्याच्या. त्यांच्या चिमणीतून मुख्यतः ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, जातं, तेही पाण्याच्या वाफेच्या रूपात. त्यातून निघणाऱ्या बीटा कणाची (वेगवान इलेक्ट्रॉनची) ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. हा कण हवेत जेमतेम ६ मिलिमीटर जातो. गायगर नळीच्या भिंतीतून तो आत शिरणारच नाही. म्हणजे जे मोजायचं तेच या मीटरला दिसत नाही.

आता संख्या बघा. लोकांसाठी किरणोत्सर्गाच्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसीव्हर्ट. समजा केंद्रामुळे त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १० मायक्रोसीव्हर्ट मिळाले. सरासरी पडली तासाला ०.००१ मायक्रोसीव्हर्ट. जमीन-आकाशातून येणारी नैसर्गिक पार्श्वभूमीच साधारण ०.१ असते. छोटी नळी मिनिटाला वीसेक ठोके देते, त्यात साडेचार इकडे-तिकडे होतात. अर्धा तास मोजलंत तरी ४ टक्के चूक उरते, आणि तुम्ही शोधताय १ टक्का!

खाडीकाठ
रोजच्या बारीक उत्सर्जनासाठी गायगर नकोच, मान्य. पण १ आणि २ क्रमांकाच्या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. तिथल्या कंडेन्सरमधून ओढलेल्या वायूंत क्रिप्टॉन-८८, झेनॉन-१३३, झेनॉन-१३५ असतात आणि ते लांब जाणारी गॅमा किरणं सोडतात. इंधनाच्या नळ्यांना चिरा पडल्या की त्यांचं प्रमाण वाढतं. मला चिंता अपघाताची आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातात चिमणीचा मॉनिटर मोजपट्टीच्या बाहेर गेला आणि नेमक्या गरजेच्या वेळी आकडा मिळेना. फुकुशिमात भूकंप-त्सुनामीनंतर आसपासची बहुतेक मापनकेंद्रं बंद पडली. म्हणून केंद्राच्या विजेवर न चालणारा दुसरा डोळा गावात हवा.

वाराखूण
डोळा कुठे ठेवणार? २ किलोमीटरवर सोळा दिशांना सोळा मीटर लावले तरी दोघांत जवळपास ८०० मीटर अंतर पडतं. स्थिर हवेच्या रात्री तेवढ्या अंतरावर वायूचा पट्टा तीनशे मीटरच्या आसपासच रुंद असतो. दोन मीटरांमधून तो सहज निसटेल. शिवाय हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, तेव्हा मीटर सगळे गप्प.

खाडीकाठ
निसटेल तो हवा ओढणाऱ्या नमुनायंत्रातून. गॅमाला पट्टा अंगावर यावा लागत नाही. आर्गॉन-४१ या किरणोत्सर्गी वायूची १.२९ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची किरणं दोन-तीनशे मीटरवरूनही येतात. मोठं उत्सर्जन असेल तर शेजारचा मीटर बोलेलच.

कोळसापेटी
दोघेही आयोडीन विसरलात. गवत-गाय-दूध या वाटेने मुलांच्या थायरॉइडपर्यंत पोहोचतं ते आयोडीन-१३१, आणि त्याचा भरवशाचा आकडा मिनिटाला मिळत नाही. टीईडीए (आयोडीन धरून ठेवणारं रसायन) लावलेल्या कोळशातून ठरलेल्या वेगाने हवा ओढायची, कार्ट्रिज काढायचं, अडकलेला झेनॉन जावा म्हणून त्यातून स्वच्छ हवा सोडायची आणि मग गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे किरणं ऊर्जेनुसार वेगळी दाखवणाऱ्या यंत्रावर, आयोडीनची ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेघ मोजायची. कोळसा दमट झाला की पकड सुटते, आणि कोकणात तो दमट होतोच. त्याहून छुपी चोरी नमुन्याच्या नळीत होते. नळी लांब, वळणं जास्त, भिंत थंड, की आयोडीन भिंतीलाच चिकटतं. कार्ट्रिजवर आकडा कमी, सगळे खूश! म्हणून नळी आखूड आणि गरम ठेवायची, फ्लोमीटर वेळच्या वेळी तपासायचा. मॉनिटरचा पडदा गावात लावण्याआधी या नळीत किती आयोडीन हरवतं त्याचा गुणक जाहीर करा म्हणावं.

बीटागॅमा
हेच म्हणतोय. नुसता आकडा दाखवला तर जूनच्या पहिल्या सरीलाच पोलीस ठाण्यात गर्दी होईल. पाऊस रेडॉन या जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गी वायूपासून झालेलं बिस्मथ-२१४ आणि शिसं-२१४ खाली आणतो. गॅमा वाढतो, सर थांबल्यावर दीड-दोन तासांत उतरतो. केंद्राचा त्यात काही संबंध नाही.

खाडीकाठ
त्यावर उपाय आकडा लपवणं हा नाही. गायगरऐवजी सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर लावा, तो किरणांची ऊर्जाही सांगतो. ६०९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला शिखर दिसलं तर बिस्मथ, १२९४ ला दिसलं तर आर्गॉन. शेजारी पर्जन्यमापक ठेवला की सातवीतलं पोरही फरक ओळखेल.

वाराखूण
ट्रिशियम तरी राहिलंच. ते गावात मोजायचं तर हवेतलं बाष्प शोषणारं सिलिका जेलच. मिनिटाला १ लिटर हवा, दिवसाला १.४४ घनमीटर. जुलैत घनमीटरमागे २४ ग्रॅम बाष्प धरा, म्हणजे ३५ ग्रॅम पाणी. दोनशे ग्रॅम जेल त्यातच भरत येतं, निळ्याचं गुलाबी होतं आणि पुढचं बाष्प निसटतं. मागे दुसरा स्तंभ जोडायलाच हवा. आणि निकाल नेहमी हवेच्या घनमीटरमागे मागा. हवेत घनमीटरमागे १ बेक्वेरेल (किरणोत्सर्गाचं एकक) ट्रिशियम असेल तर डिसेंबरच्या १२ ग्रॅम बाष्पात तो पाण्याच्या लिटरमागे ८३ दिसतो, जुलैत ४२. उत्सर्जन तेच, पण कागदावर निम्मं झालेलं.

कोळसापेटी
आणि ते जेल तापवून पाणी काढल्यावर मोजणार कोण? त्यासाठी लागणारं लिक्विड सिंटिलेशन काउंटर हे प्रयोगशाळेतलं यंत्र ग्रामपंचायतीत येणार नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा तारापुरात आहेच, पण केंद्र आणि प्रयोगशाळा दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली. दर नमुन्याचा अर्धा भाग एखाद्या विद्यापीठाकडे गेला, तर माझा पडद्यालाही विरोध नाही.

बीटागॅमा
अर्धा भाग जाऊ दे, पण दोन्ही निकाल अनिश्चिततेसकट छापा. नाहीतर ४२ आणि ४६ वरून महिनाभर भांडण चालेल.