मदत हवी आहे: जुन्या वाचनालय शाखेचं पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी. गिरगावात आमच्या वाचनालयाची एक शाखा आहे, लाकडी जिन्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. मी कार्यकारिणीत नवीनच आहे, आणि शाखेचा आढावा घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

चरित्रांच्या कपाटामागे ओल आहे. परवा खालच्या फळीवरचं पुस्तक उचललं, तर पुठ्ठा हातात आणि आतली पानं वाळवीने मातीसारखी केलेली. देवघेव मुख्यतः दिवाळी अंकांचीच. सभासद बहुतेक सत्तरीचे, त्यांना जिना चढवत नाही. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, पण घरमालक फोन उचलत नाहीत.

दाखल नोंदवहीतली (वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती वही) पुस्तकं बाद करायची रीतसर पद्धत कोणी केली आहे का? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य असल्याने अनुदान आणि वर्ग (शासनाने वाचनालयाला दिलेली श्रेणी), दोन्हींची धास्ती आहे. काहीजण म्हणतात, अर्ध्या जागेत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करा. पैसे येतील हो, पण दुपारी पेपर वाचायला येणारे आजोबा कुठे बसणार?

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर सांगा. आधी काय मोजलंत, पुस्तकं की माणसं?