नागली, भात आणि मिथेन

"जेवणामुळे पृथ्वी तापते, हा प्रश्न मटण खाणाऱ्यांचा, आम्हा शाकाहाऱ्यांचा काय संबंध?" असं तुम्ही विचारलंत. संबंध आहे हो, ताटातल्या भातापासूनच. घोटी-इगतपुरीकडची खाचरं पावसाळ्यात पाण्याने भरलेली असतात. त्या चिखलात हवा पोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन हा वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट पृथ्वीला तापवतो. गायीम्हशींच्या ढेकरांतून निघतो तोही हाच, म्हणजे दूध-तूपवालेही सुटले नाहीत.

उलट पेठ-सुरगाण्याच्या उतारावरची नागली, म्हणजे नाचणी! तिला साचलेलं पाणी नको, युरियाचाही फार हट्ट नाही. शिवाय १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. पांढरा तांदूळ तिच्या पासंगालाही पुरत नाही.

वडिलांची साखर वाढली तेव्हा आम्ही रात्रीचा भात बंद करून नागलीची भाकरी सुरू केली. पहिले आठ दिवस ती तव्यावर टाकतानाच तुटायची. उकड काढून मळायला लागलो तेव्हा जमली. सोबत हुलग्याचं पिठलं. (कडधान्यं हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधतात, त्यामुळे खत कमी आणि त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा तापवणारा वायूही कमी.) रविवारी मात्र वडील वरणभातच मागतात, आणि आम्ही देतोही.