दहा-दहा वर्षं जावा केलेल्यांना जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) कसं शिकवायचं?

गोंधळलेला_लीड: टीममधले सहा जण, सगळे स्प्रिंगवाले (जावाचं फ्रेमवर्क). सोमवारपासून तीन दिवस ट्रेनिंग माझ्या गळ्यात. मागच्या वेळी व्हेरिएबल, लूपपासून सुरू केलं तर जेवणाआधीच निम्मे मोबाइलमध्ये. कुठून सुरू करू?

चहा_आणि_कोड: लूप कसले शिकवतोस बाबा त्यांना 😄 चालू अ‍ॅप हातात दे, त्यात मुद्दाम घोळ घालून ठेव. मी २०० ऑर्डरींची यादी दिली होती, टेम्प्लेटमध्ये प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव, मग डीबग टूलबार (पानासाठी डेटाबेसला किती क्वेऱ्या, म्हणजे विचारणा, गेल्या ते दाखवणारी पट्टी) उघडला तर २०१ क्वेऱ्या! यादीची एक, वर प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकासाठी एकेक. एकजण लगेच म्हणाला, अरे हे तर हायबरनेटसारखंच (जावातलं डेटाबेसशी बोलणारं टूल), तिथे दोन्ही एकदम आणायला जॉइन फेच लावतो, इथे काय? मग जँगोचं तेच काम करणारं सिलेक्ट_रिलेटेड लावलं, एक क्वेरी. पुढचा तासभर तेच बोलत होते, मी गप्प.

जुना_पायथनी: +१. आणि एक, ही मंडळी दुसऱ्याच दिवशी ओआरएमवर (कोडमधून डेटाबेस हाताळणारा जँगोचा भाग) रिपॉझिटरी लेयर, म्हणजे डेटा आणण्या-ठेवण्याच्या कोडचा आणखी एक थर, चढवायला घेतात, तेव्हा लगेच नाही म्हणू नकोस, अ‍ॅडमिन (डेटा बघण्या-बदलण्याची जँगोची तयार सोय) चालू करून दाखव, दहा ओळींत सगळी स्क्रीन तयार बघितली की आपोआप हात आखडतात.

गोंधळलेला_लीड: भारी! आज रात्री बसून घोळ घालतो 😅