अतिनील प्रकाशातील ॲझोबेन्झीन मिसेल: क्ष-किरणांचा आलेख जागचा का हलत नाही?

प्रश्न:
ॲझोबेन्झीन (प्रकाशाने आकार बदलणारा रेणूभाग) जोडलेल्या सरफॅक्टंटचे, म्हणजे साबणासारख्या रेणूचे, १० मिलिमोलर जलीय द्रावण १ मिमी क्वार्ट्झ कॅपिलरीत भरून, त्यावर ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीचा झोत टाकत मी लहान कोनातील क्ष-किरण प्रकीर्णन मोजत आहे. अतिविरल द्रावणात ॲझोबेन्झीनच्या सरळ (ट्रान्स) रूपाचे वाकलेले (सिस) रूप झालेले वर्णपटात स्पष्ट दिसते. क्ष-किरणांचा आलेख मात्र पाच मिनिटांनंतरही जेमतेम बदलतो. मिसेल (सरफॅक्टंट रेणूंचे पाण्यातील सूक्ष्म पुंजके) खरोखरच तसेच राहतात, की मांडणीत उणीव आहे?

उत्तर १:
मिसेलांवर संशय घेण्याआधी प्रकाश किती खोल पोहोचतो ते पाहावे. शोषणाच्या शिखराजवळ ट्रान्स रूपाचा मोलर शोषणांक २०,००० च्या आसपास धरला, तर आपल्या कॅपिलरीची शोषकता २० भरते (दर एककामागे प्रकाश दहापट घटतो). म्हणजे सुरुवातीला नव्वद टक्के प्रकाश पहिल्या ०.०५ मिमीतच संपतो, आणि क्ष-किरण मात्र आरपार जाऊन उजळलेला पातळ थर व मागचे अंधारातले द्रावण यांची सरासरी दाखवतात. सिस रूप या तरंगलांबीला कमी शोषत असल्याने हा थर हळूहळू आत सरकतो, पण त्यासाठी पुरेसे फोटॉन हवेत.

उत्तर २:
तो हिशेबही करून पाहा. झोतातील १० मायक्रोलिटर द्रावणात ०.१ मायक्रोमोल रेणू आहेत. नमुन्यावर प्रत्यक्ष १ मिलिवॉट पडत असेल, तर सेकंदाला सुमारे ०.००३ मायक्रोमोल फोटॉन मिळतात आणि त्यांतला दहातला साधारण एकच रूपांतर घडवतो. पाच मिनिटे इथेच खर्ची पडतात. एलईडीवर छापलेली शक्ती गृहीत न धरता नमुन्याच्या जागी मोजावी; वाटेत कॅप्टॉन या प्लास्टिक फिल्मची खिडकी असेल तर ती आधी काढावी, कारण ती पिवळी फिल्म अतिनील प्रकाश गिळून टाकते.

प्रश्नकर्ता:
मग ०.१ मिमीची कॅपिलरी घ्यावी का?

उत्तर १:
प्रयोगशाळेतील तांब्याच्या क्ष-किरण स्रोतावर मी तसे सुचवणार नाही. त्या ८ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या किरणांना पाण्याची सुमारे १ मिमी जाडीच सर्वांत सोयीची असते. ती दहापट घटवल्यास आधीच क्षीण असलेला संकेत पार्श्वभूमीत बुडेल. त्याऐवजी पंपाने द्रावण बाहेरच्या पातळ, प्रकाशित नळीतून फिरवत ठेवावे. सोबत प्रकाशाविना तितकाच वेळ क्ष-किरण दिलेला नमुना आणि तितक्याच प्रकाशातले निव्वळ पाणी मोजावे. शेवटी ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश दिल्यावर आलेख बव्हंशी मागे फिरला, तरच तो बदल ॲझोबेन्झीनच्या खाती जमा करावा.