वर्गात ‘कशावरून?’ विचारणारी पोरं आणि फुकटची साधनं: तुमचे अनुभव सांगा

मागचा बाक
काल घरच्या ग्रुपवर तो फोटो परत आला. तुंबलेला रस्ता, गाडी आणि शेजारून पोहणारा शार्क. मी ‘बापरे’ टाइप करणार तोच भाचीने लिहिलं, “मावशी, हा २०११ पासून दर पुरात पोहतोय.”
हसले आणि आठवीचा तो तास आठवला. हाच फोटो लावून विचारलं, खरा की खोटा? जवळजवळ सगळे हात ‘खरा’ला. मग फोटोवरून उलटा शोध घ्यायला लावला, जुन्यात जुनी प्रत काढा म्हटलं. निघाला तोच शार्क, पण समुद्रात, एका कयाकच्या (वल्ह्याच्या छोट्या होडीच्या) मागे. २००५ साली ‘आफ्रिका जिओग्राफिक’ मासिकात छापलेला. मी विजयी मुद्रेने उभी. तेवढ्यात वर्षभर तोंड न उघडलेला एकजण म्हणाला, “बाई, मग हा तरी खरा कशावरून?”
उत्तर नव्हतं माझ्याकडे. तुमच्याकडे असे किस्से असतील ना?

तिरपी रेघ
पोरगं बरोबरच होतं! त्या कयाकवाल्या मूळ फोटोलाही लोक खोटा म्हणत होते. तो मात्र खरा आहे.

शून्य गृहपाठ
माझं जिओजेब्रा, भूमितीच्या आकृत्या काढून ओढून बघायचं फुकट साधन. कुठलाही चौकोन काढा, बाजूंचे मध्यबिंदू जोडा, आत समांतरभुज चौकोन. मी म्हटलं, मोडून दाखवा. अर्धा तास शिरोबिंदू ओढत होते. एकीने बाजू एकमेकींवरून नेल्या, चौकोनाची फुलपाखरासारखी आकृती झाली. “सर, तरी मोडत नाही!” चिडली होती अक्षरशः. मग का मोडत नाही ते शोधायला स्वतःच कर्ण काढून बसली.

तिरपी रेघ
पण ओढून बघणं म्हणजे सिद्धता नव्हे हं. माझी मुलं ‘ओढून पाहिलं, म्हणून सिद्ध’ लिहून मोकळी होतात.

शून्य गृहपाठ
मान्य. पण कर्ण का काढावासा वाटला, ते त्या चिडण्यामुळेच.

बसमधून
फेटचा लंबक!! (फेट म्हणजे विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करायची फुकट साइट.) त्यात एक ‘ग्रह एक्स’ आहे, गुरुत्वाकर्षण लपवलेलं, दोलनं मोजून काढायचं. एका जोडीने एकच दोलन मोजलं, दुसरीने दहा मोजून भागलं. आकडे जुळेनात, जुंपली. “उत्तर मागे दिलंय का?” नाही दिलं. शेवटी पहिल्या जोडीने वहीत काय लिहिलं माहितेय? ‘आमचं बोट उशिरा दाबलं जातं, त्यांची ती चूक दहा दोलनांत वाटली जाते.’ मी हे शिकवलंच नव्हतं. स्टॉप आला, बाकी नंत

मागचा बाक
‘नंत’ 😄 उतरलात वाटतं.

खडूची पूड
आमच्याकडे प्रोजेक्टर कपाटात, किल्ली वरिष्ठांकडे, वरिष्ठ मीटिंगमध्ये. ३४ मुलं आणि माझा एक फोन. साधन फुकट असतं, चार्जर नसतो.

ओलं फडकं
@खडूची पूड, फेटचे प्रयोग आधी उतरवून ठेवा, नेट नसलं तरी चालतात. मराठीतही आहेत बरेच.
माझं म्हणाल तर विकिपीडिया. लेख नाही वाचायचा, ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ उघडायचं. पहिली प्रतिक्रिया: “मोठी माणसं एवढी भांडतात?” मग कुणी काय खोडलं, कुठे ‘संदर्भ हवा’ लिहिलंय, संदर्भावर टिचकी मारली तर पान मेलेलं, मग वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर, जुनी प्रत. एका मुलाला प्रत सापडली आणि त्यात ते वाक्यच नव्हतं! तोंड बघायला हवं होतं त्याचं. आता मी फळ्यावर काही लिहिलं की मागून ‘संदर्भ हवा’ येतं. कधीकधी कान पिळावासा वाटतो.

खडूची पूड
ताई, उतरवून कसं ठेवायचं? फोनवर होतं का?

ओलं फडकं
लॅपटॉप बरा. घरी गेले की निरोप टाकते, आत्ता पेपर तपासतेय.

बसमधून
आले. काय म्हणत होते ते विसरले. लंबक मात्र करून बघा.

मागचा बाक
भाचीला धागा दाखवला. म्हणतेय, “ही सगळी खरी माणसं आहेत कशावरून?”