औषधांच्या घाऊक व्यवसायासाठी सॉफ्टवेअर तयार घ्यावे की बनवून घ्यावे?

प्रश्न (इंदूर)
आमचे दवा बाजारात औषधांचे घाऊक दुकान आहे. बिले तयार सॉफ्टवेअरवर निघतात. परंतु मुदत संपलेला माल प्रत्येक कंपनी आपापल्या अटींवर परत घेत असल्यामुळे तो हिशेब आमचे मुनीमजी आजही वहीतच ठेवतात. म्हणून सगळीच प्रणाली नव्याने बनवून घ्यावी, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. आम्हाला पगार परवडेल तो एकाच प्रोग्रामरचा, आणि अनुभवी मुले एक तर सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांत जातात, नाही तर थेट पुणे गाठतात. काय करावे?

उत्तर (ग्वाल्हेर)
बिलिंग एकट्याच्या भरवशावर बनवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हाची स्थिती आठवून पाहावी: १२ टक्क्यांनी खरेदी केलेला माल ५ टक्क्यांनी विकायचा, मात्र जुन्या बिलापोटी क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) काढायची झाल्यास तीवर दर जुनाच लावायचा. नेमक्या त्याच आठवड्यात आपला प्रोग्रामर नोकरी सोडून गेलेला असता, तर बिले कोणी काढली असती? शिवाय उलाढाल पाच कोटींच्या वर असल्यास ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद) आलेच.

उत्तर (बडोदा)
मी स्वतः प्रोग्रामर आहे, तरीही वरील मताशी सहमत आहे. ईआरपीनेक्स्टसारखी, व्यवसायाचे हिशेब सांभाळणारी मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली फुकट मिळते खरी, पण तिलाही सांभाळणारा माणूस लागतोच. आपली खरी अडचण परतीच्या मालापुरती आहे, तेव्हा तेवढाच भाग वेगळा बनवून घ्यावा, आणि तोही पगारी माणूस न ठेवता दोघा-तिघांच्या एखाद्या लहान फर्मकडून, म्हणजे एक जण गेला तरी दुसऱ्याला काम ठाऊक असते. (दुकानात एकट्या बसलेल्या प्रोग्रामरला शिकवणारे कोणी नसते, त्यामुळे तो फार दिवस टिकत नाही.) सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) पहिल्या दिवसापासून आपल्या ताब्यात असावा. मात्र सध्याच्या सॉफ्टवेअरमधून बॅच नंबर, मुदत आणि खरेदीचे बिल हे तिन्ही एकाच ओळीत एक्सेलमध्ये निघतात का, हे आधी पाहावे; परतीच्या भागाला हीच माहिती लागणार.

प्रश्नकर्ता
आजच काढून पाहिले. बॅच आणि मुदत निघते, खरेदीचे बिल निघत नाही.

उत्तर (बडोदा)
मग सध्याच्या सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराकडून तेवढा रिपोर्ट लेखी मागून घ्यावा. तो मिळेपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.