पानगळ संपल्यानंतरच्या करड्या दिवसांत मन कशात रमवावे?

प्रश्न

पानगळीच्या सुरुवातीचा पिवळा-तांबडा बहर मला मनापासून आवडतो. परंतु नोव्हेंबरचा उत्तरार्ध आला, की झाडे उघडी पडतात, आभाळ दिवसचे दिवस करडे राहते, बर्फ अजून पडलेला नसतो आणि दुपार सरते न सरते तोच अंधारून येते. या तीन-चार आठवड्यांत बाहेर पडावेसे वाटत नाही आणि घरातली संध्याकाळ पडद्यासमोर निघून गेल्याची हळहळ वाटत राहते. फारसे साहित्य न लागणारे, बाहेर अनुभवता येईल किंवा घरी स्वतःच्या हातांनी करता येईल असे काही आपण करत असाल, तर कृपया सविस्तर सांगावे.

पहिले उत्तर

सर्वप्रथम बाहेर पडण्याची वेळ बदलून पाहावी. ५० अंश उत्तर अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो; त्यामुळे काम आटोपून फिरायला जाऊ म्हटले, तर उजेड हाती लागतच नाही. मी दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास त्यासाठी राखून ठेवला आहे. ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड बहुधा १,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वर असतो, तर दिवे लावलेल्या खोलीत तो सहसा ५०० लक्सच्या आत राहतो. हा फरक डोळ्यांना चटकन कळत नाही, पण शरीराला कळतो, असा माझा अनुभव आहे.

आणि झाडे उघडी पडतात, याचे आपण दुःख मानू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पुढच्या वसंतातल्या पालवीच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होऊन, खवल्यांच्या आवरणात मिटून, या फांद्यांवर बसलेल्या असतात. पाने असताना त्या आपल्याला दिसत नाहीत, एवढेच. मेपलच्या कळ्या समोरासमोर जोडीने असतात, बीचच्या लांबट नि टोकदार, तर ओकच्या फांदीच्या टोकाशी झुबक्याने. एकाच वाटेवरची पाच-सहा झाडे केवळ कळ्यांवरून ओळखू येऊ लागली, तेव्हापासून मी या महिन्याची वाट पाहू लागलो. उन्हाळाभर पानांआड दडलेली पक्ष्यांची घरटीही याच दिवसांत दिसतात.

दुसरे उत्तर

घरातल्या उद्योगाविषयी लिहिते. फिरताना पाइनचा एक कोरडा शंकू, म्हणजे त्या झाडाचे बिया धरणारे खवलेदार बोंड, उचलून आणावा आणि खिडकीबाहेर ठेवावा. हवा दमट झाली, की त्याचे खवले मिटतात आणि कोरडी झाली, की उमलतात. खवल्याच्या आतल्या व बाहेरच्या थरांची ओलाव्याने होणारी वाढ सारखी नसल्यामुळे तो वाकतो, म्हणून झाडावरून गळून पडलेला शंकूही हे काम करत राहतो. माझी मुलगी रोज सकाळी आधी शंकू पाहते आणि मगच कोट निवडते.

रंग टिकून असलेली थोडी पाने अजून सापडली, तर ती दोन-तीन दिवस जाड पुस्तकात दाबून सपाट करावीत आणि वितळलेल्या मधमाश्यांच्या मेणात क्षणभर बुडवून काढावीत. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, कारण फार तापलेले मेण पेट घेऊ शकते. उरलेल्या मेणात वात सोडून मी मेणबत्ती करते, आणि संपूर्ण संध्याकाळ मधाच्या मंद वासात जाते.

तिसरे उत्तर

लवकर पडणाऱ्या अंधाराचाही उपयोग आहे. आभाळ निरभ्र असेल, तर नोव्हेंबरअखेरीस संध्याकाळीच पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो, मागोमाग रोहिणी येते आणि रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र वर आलेले असते. १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षावही भरात असतो.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. आज दुपारी कळ्या पाहून आले. अशी एखादी फांदी आणून घरात पाण्यात ठेवली, तर ती आत्ता उमलेल का?

पहिल्या उत्तरदात्याकडून

आत्ता बहुधा उमलणार नाही, कारण अशा कळ्यांना आधी काही आठवडे सलग थंडी मिळावी लागते. फोर्सिथियाची (पिवळ्या फुलांच्या एका झुडपाची) फांदी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवावी आणि पाणी वरचेवर बदलावे. एक ते तीन आठवड्यांत ती फुलते. कोणती फांदी कापायची, ती मात्र आत्ताच हेरून ठेवावी.